वैनगंगेकाठी पोहोचलेला भ्रमणध्वनी

(भंडारा येथील एका व्याख्यानमालेत दूरसंचार खात्यातील एका निवृत्त अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश.)



सूत्रसंचालकांनी आताच आपणा सर्वांना भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती केली आणि लगेच त्याच भ्रमणध्वनीवर तासभर बोलण्यासाठी मला उभे केले. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे मी म्हणणार नाही. ज्या वस्तूची सतत सवय होते, तिच्याकडे नीट पाहायचे तर ती क्षणभर खाली ठेवावीच लागते.

माझ्या नोकरीचा बहुतेक काळ तारा, खांब आणि जमिनीखालच्या केबली यांच्या संगतीत गेला. त्यामुळे संदेशवहनाच्या इतिहासाकडे मी यंत्रांची वंशावळ म्हणून पाहू शकत नाही. नवे यंत्र निघाले, मागचे जुने झाले, एवढ्यापुरता हा इतिहास असता तर तो एखाद्या पाठ्यपुस्तकात वाचता आला असता. मला नेहमी तीन प्रश्न महत्त्वाचे वाटले : निरोप कोणापर्यंत पोहोचतो, किती वेळात पोहोचतो, आणि त्यासाठी काय मोजावे लागते? आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर या प्रश्नांना एक चौथाही जोडावा लागतो, तो वैनगंगेच्या पाण्याचा. त्याकडे मी शेवटी येईन.

आपल्या भागात विजेच्या गतीने जाणारा निरोप आला तो रेल्वेच्या सोबतीने. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग या प्रदेशातून गेला. रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब उभे राहिले. रुळ मात्र भंडारा शहरात आले नाहीत. स्थानक झाले वरठीला आणि त्याचे नाव पडले 'भंडारा रोड'. निरोप स्थानकापर्यंत क्षणात येई. पुढची वाट मात्र माणसाच्या पायांची, सायकलची किंवा बैलगाडीची असे. आणि गावात शिरल्यावर कोतवालाची दवंडी होतीच. वीज आणि पाऊल यांची ही जोडगोळी पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकली. घरात तार आली की ती उघडण्याआधीच आयाबाया डोळ्यांना पदर लावत, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तारेचा संबंध अशुभाशी जोडला गेला याचे कारण साधे होते. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून सुखाची बातमी पत्राने जाई आणि दुःखाचीच तेवढी तारेने. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत देशभर बंद झाली.

आता तारेशिवायच्या संदेशाकडे वळू. आचार्य जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर एवढी लहान होती. आज ज्यांना मिलिमीटर-लहरी म्हणतात आणि पाचव्या पिढीच्या सेवेत ज्यांचा उपयोग केला जातो, त्या पट्ट्यात बसूंनी एकोणिसाव्या शतकातच प्रयोग केले होते. भारतात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली ती १ ऑक्टोबर २०२२ रोजी. आपल्या शोधातून पैसा मिळवण्याकडे बसूंचा कल नव्हता. स्नेह्यांच्या आग्रहामुळे घेतलेले त्यांचे अमेरिकेतील एकस्व १९०४ साली मंजूर झाले. बसूंनीच भ्रमणध्वनी शोधला, असे उत्साहाच्या भरात कोणी म्हणते. तसे म्हणण्याची गरज नाही. जे त्यांनी केले तेवढेच पुरेसे मोठे आहे.

'भ्रमण' करणारा ध्वनी म्हटला की मला मात्र कोणत्याही कंपनीच्या आधी दोन प्रक्षेपण-यंत्रे आठवतात, आणि दोन्हींचा संबंध आपल्या या पश्चिम किनाऱ्याशी आहे. पहिले १९४२ चे. 'चले जाव'च्या आंदोलनात नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. मधल्या काळात हे केंद्र एका जागी कधी स्थिरावले नाही. एका घरातून दुसऱ्या घरात यंत्र हलवायचे, भाड्याने नवी जागा घ्यायची, पुन्हा सुरू करायचे. पोलिसांजवळ दिशा शोधणारी गाडी होती. म्हणून स्थलांतर ही तेथे सोय नव्हती, जिवंत राहण्याची अट होती.

दुसरे उदाहरण त्याहून विलक्षण आहे आणि दुर्दैवाने त्याहून कमी सांगितले जाते. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. सत्याग्रहींवर १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, सीमा बंद झाल्या, आतील जनतेपर्यंत बाहेरची बातमी पोहोचेनाशी झाली. तेव्हा २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून एक आवाज गोव्यात ऐकू येऊ लागला. त्याचे नाव होते 'गोंयच्या सोडवणेचो आवाज'. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे ते केंद्र चालवीत. यंत्रसामग्री एका ट्रकवर बसवलेली होती. पुढे तो मुक्काम कॅसलरॉकच्या रानात हलला. कोंकणीतून आणि पोर्तुगीज भाषेतून बातम्या, पोर्तुगीज प्रचाराचे खंडन आणि लोकांना धीर, असा त्यांचा कार्यक्रम असे. पाऊस, जळवा, वन्य श्वापदे आणि एकांत यांच्या सोबतीने त्यांनी सहा वर्षे काढली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ही वार्ता गोवेकरांना सांगितली. लिबियाताईंना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. सत्तर वर्षे उशीर झाला असे कोणी म्हणेल. मी एवढेच म्हणेन की आपल्या मुलांना फोनच्या नव्या प्रतिकृतींची नावे पाठ असतात, तेथे हे एक नाव असायला हरकत नाही.

हे आवाज एकतर्फी होते. बोलणारा बोले, ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नसे. दुतर्फी बोलणे आधी मोटारीत आले. १९४६ च्या जूनमध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात मोटारीत बसवलेल्या दूरध्वनीची सेवा सुरू झाली. यंत्र एवढे जड की गाडीची मागची पेटी त्यानेच भरे, आणि अख्ख्या शहरात एका वेळी तीनच जणांना बोलता येई. अडचण यंत्राच्या वजनाची नव्हती, लहरींच्या टंचाईची होती. एक मोठा मनोरा साऱ्या शहरावर एकच लहर पसरवी, मग तीच लहर दुसऱ्या कोणाला देता येत नसे.

यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी १९४७ च्या डिसेंबरात एका टिपणात मांडला. तो समजावून घ्यायला भंडाऱ्याच्या माणसाला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. आपल्या धानाच्या शेताकडे पाहा. सगळे शेत एकसलग नसते, धुरे घालून त्याच्या बांध्या केलेल्या असतात. शेजारच्या दोन बांध्यांत दोन वेगळी वाणे लावली आणि पुरेसे अंतर सोडून पहिलेच वाण पुन्हा लावले, तर बियाणे भेसळ होत नाही. रिंग यांनी शहराच्या अशाच षट्कोनी बांध्या पाडल्या. प्रत्येक बांधीत कमी शक्तीचा छोटा मनोरा ठेवायचा. शेजारच्या बांधीत वेगळ्या लहरी, आणि दूरच्या बांधीत मात्र त्याच लहरी पुन्हा वापरायच्या. मूठभर लहरींवर लक्षावधी माणसे बोलू शकतील ती याच युक्तीने. इंग्रजीत त्या बांधीला 'सेल' म्हणतात आणि आपल्या हातातल्या यंत्राला 'सेलफोन' हे नाव पडले ते तिच्यावरून. बोलणारा एका बांधीतून दुसरीत गेला की पहिला मनोरा त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि हे इतक्या झटपट होते की बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही. हा हिशेब क्षणोक्षणी करणारी संगणकीय यंत्रे १९४७ साली नव्हती, म्हणून कल्पना कागदावर पंचवीसेक वर्षे पडून राहिली.

३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या यंत्रावरून पहिला फोन लावला. तोही कोणाला, तर प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतील जोएल एंगल यांना! माणसाचा स्वभाव यंत्राच्या आधीपासून आहे. हे यंत्र बाजारात येण्यास आणखी दहा वर्षे गेली आणि त्याची किंमत होती ३,९९५ डॉलर. जपानने १९७९ साली आणि उत्तर युरोपीय देशांनी १९८१ साली सार्वजनिक सेवा सुरू केल्या. १९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएम ही अंकीय पद्धत प्रत्यक्षात आली, आणि पुढे हिंदुस्थानने स्वीकारली ती हीच.

त्या वेळी आपण कोठे होतो? १९८० च्या दशकाच्या मध्यास सत्तर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात दूरध्वनींची संख्या तीसेक लाखांच्या घरात होती. फोनसाठी नाव नोंदवावे आणि तो यायला मुलाचे शिक्षण पूर्ण व्हावे, असा तो काळ. ट्रंक कॉल लावून लोक तासन् तास टपाल कार्यालयाच्या बाकावर बसून राहत. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिच्या तरुण अभियंत्यांनी आपल्या हवामानाला साजेशी, वातानुकूलनाची गरज नसलेली छोटी ग्रामीण टेलिफोन केंद्रे स्वदेशात तयार केली. परदेशी यंत्रे धूळ आणि उष्णता सोसत नसत. मे महिन्यातील विदर्भाचा उन्हाळा सोसणारे यंत्र येथल्याच माणसाला सुचणार! त्यातूनच गावोगाव पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे उभी राहिली. अनेक अपंग बांधवांना आणि विधवा भगिनींना त्या पाटीने सन्मानाची भाकर दिली. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून त्या वेळी केंद्रांपुढे रांगा लागत. पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलाशी बोलायला आई-वडील जेवणे आटोपून चालत येत आणि काचेच्या खोक्यातील लाल आकडे पाहत पाहत बोलत. आकडा वाढला की बोलणे आखडे.

जेथे तार ओढणे परवडत नसे, तेथे रेडिओ-लहरींवर गावचा एक सार्वजनिक फोन चालवण्याचाही प्रयत्न झाला. खात्यात त्या योजनेला 'मार' म्हणत. गावच्या छपरावर सौर पट्टी, खाली बॅटरी, एखाद्या घरात फोन. पुढे बॅटऱ्या दमत, सुटे भाग मिळत नसत आणि फोन मुका होई. नावाप्रमाणे तो योजनेलाच मार बसला, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. तरीही खेड्याने बिनतारी फोन प्रथम पाहिला तो येथे, हे विसरू नये.

भ्रमणध्वनीचा भारतातील पहिला अधिकृत संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैसे असा दर होता. शिवाय आलेल्या फोनचेही पैसे पडत. दुसऱ्याने बोलायचे आणि आपण पैसे मोजायचे, हा न्याय आज मुलांना सांगितला तर ती हसतात.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. १९९४ च्या धोरणानुसार मुंबई हे स्वतंत्र महानगर-क्षेत्र ठरले आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून एक परिमंडळ झाले. पुणे आणि भंडारा, नाशिक आणि गडचिरोली एकाच परवान्यात. दोन खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. त्यांनी लिलावात भरमसाट बोली लावली होती, मग सरकारचे देणे भागवण्यासाठी दर चढे आणि ग्राहक थोडे. मनोरे अर्थातच आधी तेथे उभे राहिले जेथे पैसा होता. परवान्याची अट तीन वर्षांत निम्म्या जिल्हा-मुख्यालयांपर्यंत पोहोचण्याची होती. याचा उलट अर्थ पाहा : उरलेल्या निम्म्या मुख्यालयांना वगळले तरी नियमभंग होत नव्हता. खेड्यांचे तर नावच नको. १९९५ च्याच फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्वाळा दिला होता. संपत्ती सर्वांची, पण तिचा उपभोग काही शहरांचा, अशी ही स्थिती होती.

ही कोंडी फुटली ती चार-पाच वर्षांत घडलेल्या काही गोष्टींनी. अटलजींच्या सरकारने १९९९ साली नवे दूरसंचार धोरण आणले. ठोक परवाना-शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत सुरू झाली आणि मरगळलेल्या कंपन्यांना श्वास घेता आला. २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधी अमलात आला. शहरांतून मिळवणाऱ्यांनी खेड्यातील सेवेसाठी ठराविक भाग द्यायचा, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला लखनौ येथे अटलजींच्या हस्ते बीएसएनएलची भ्रमणध्वनी सेवा सुरू झाली. त्या सुमारास हे खाते आपल्या महाराष्ट्राच्या प्रमोद महाजनांकडे होते. डिसेंबरात रिलायन्स बाजारात उतरली. आणि १ मे २००३ पासून येणाऱ्या फोनचे पैसे घेणे थांबले. माझ्या मते या साऱ्या इतिहासात सामान्य माणसाच्या दृष्टीने हा दिवस सर्वांत मोठा. यंत्र तेच, मनोरा तोच, पण ज्याच्याजवळ बोलायला पैसे नाहीत त्याला ऐकण्याचा अधिकार मिळाला. २००४ साली देशातील भ्रमणध्वनींची संख्या तारेच्या दूरध्वनींपेक्षा जास्त झाली.

आपल्या लोकांनी त्यावर आणखी एक कळस चढवला. तो म्हणजे 'मिस्ड कॉल'. एक घंटा म्हणजे 'पोहोचलो', दोन म्हणजे 'निघालो', तीन म्हणजे 'तूच फोन कर'. कंपन्यांच्या कोणत्याही हिशेबात न बसणारी ही फुकटची तारभाषा बायाबापड्यांनी तयार केली. तुमसरच्या बाजारात धान नेण्याआधी भाव विचारणे, पवनीच्या विणकराने नागपूरच्या दुकानदाराला मालाची खबर देणे, लाखांदूरकडच्या एखाद्या गावातून रात्री बाळंतिणीसाठी गाडी बोलावणे ही कामे मग मिनिटांची झाली. तीच सोय पुढे घरातले बोलणे कमी होण्याला कारण झाली, हेही खरे. त्यावर इतरांनी पुष्कळ बोलून झाले आहे, मी वेळ घेत नाही.

आता वैनगंगा. ही नदी मध्यप्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तेथे भीमगड येथे तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे. म्हणजे आपला जिल्हा दोन धरणांच्या मधोमध. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. त्या वेळेचे आपण काय करतो, यावर सर्व अवलंबून. २०२० च्या ऑगस्टअखेरीस येथे आकाश बऱ्यापैकी मोकळे असताना नदी चढत गेली. भंडारा शहराच्या वस्त्यांत, मोहाडी, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतील गावांत पाणी शिरले. पाऊस दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त होते. पाणी आले होते ते दुसऱ्या राज्यातून. निरोपाची गती पाण्याहून कितीतरी अधिक असूनही पाणी अनेकांच्या दारात आधी पोहोचले. त्या वेळी जवळजवळ प्रत्येक घरात भ्रमणध्वनी होता, हे लक्षात घ्या.

यंत्राची येथे एक तांत्रिक मर्यादा होती. हजारो लोकांना एकेक संदेश पाठवायचा तर प्रत्येकाचा क्रमांक हवा आणि गर्दीच्या वेळी संदेश तुंबतात. 'सेल ब्रॉडकास्ट' या पद्धतीत तसे होत नाही. निवडलेल्या मनोऱ्यांच्या टापूत जेवढे फोन चालू असतील, त्या सर्वांवर एकाच वेळी मोठ्या आवाजासह सूचना उमटते. क्रमांकाची गरज नाही, नाव-गाव लागत नाही. आपल्या बांधीच्या उदाहरणात सांगायचे तर एका बांधीतल्या प्रत्येक रोपाला एकदम पाणी देण्यासारखे. २०२३ साली या पद्धतीच्या चाचण्या देशभर झाल्या, तेव्हा अचानक फोन किंचाळल्याने अनेक जण दचकले होते. दचकण्यासाठीच ती आहे. आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलचे चौथ्या पिढीचे संपूर्ण स्वदेशी तंत्रज्ञान राष्ट्राला अर्पण झाले, त्यातही तीच सी-डॉट संस्था आहे, जिने एकेकाळी गावची छोटी टेलिफोन केंद्रे दिली. असे पूर्ण तंत्रज्ञान स्वतः घडवणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

पण मनोराही विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर काही तास, मग डिझेल मिळाले तर जनित्रावर. पुराच्या रात्री हे तास फार लवकर संपतात. म्हणून कार्यकर्त्यांना माझे काही सांगणे आहे. पुढचा पावसाळा येण्याआधी आपल्या शाखेच्या, मोहल्ल्याच्या, गावाच्या कक्षेत एवढे करा. प्रत्येक घरातील फोनमध्ये आपत्कालीन सूचनांची सोय चालू आहे की नाही ते उघडून पाहा, कारण आवाजाचा त्रास नको म्हणून अनेकांनी ती बंद करून ठेवली आहे. नदीकाठच्या ज्या घरांत फोनच नाही, किंवा एकटी वृद्ध व्यक्ती राहते आणि तिला ऐकू येत नाही, अशा घरांची यादी करा आणि प्रत्येक घर कोणत्या तरुणाच्या जबाबदारीचे ते लिहून ठेवा. कारध्याच्या पुलावरील पाण्याची पातळी कोठून कळते, तो दूरध्वनी क्रमांक यादीच्या माथ्यावर असू द्या. बारा वर्षांवरील मुलामुलींना परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे 'हॅम'चा परवाना मिळतो. मनोरे मुके झाले तरी तो रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर बोलतो. जिल्ह्यात अशी दहा-बारा मुले तयार झाली तर त्यांना शिकवायला मी दर रविवारी येईन. नावे आजच, बाहेरच्या मेजावरील वहीत लिहावीत.